चॅन्सरीत नवीन लागलात? आधी पोच मागायला शिका

धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपांच्या अखत्यारीतल्या भागाच्या, ऑफिसात (हीच चॅन्सरी) काम लागलं की सुरुवातीला वाटतं हे काय, पत्रं टाइप करायची, शिक्के मारायचे, फादरांचे फोन घ्यायचे. बाप्तिस्मा, दृढीकरण, विकार जनरल, ट्रायब्युनल हे शब्द ज्यांच्या रोजच्या तोंडात आहेत त्यांच्यासाठीच लिहितेय, त्यामुळे कोण कोणाच्या हाताखाली हे सांगत बसत नाही. मला जे कोणी नीट सांगितलं नाही आणि ज्याची आठवण झाली की आजही पोटात गोळा येतो, ते सांगते.

रोजचं निम्मं काम लग्नाच्या फाइलींचं. त्यात एक गोष्ट पहिल्याच दिवशी पाठ करा. कॅथलिक व्यक्ती आणि बाप्तिस्मा न झालेली व्यक्ती यांचं लग्न असेल तर डिस्पेन्सेशन, म्हणजे नियमातून सूट, लागतं आणि ते नसेल तर लग्न वैधच होत नाही. कॅथलिक आणि दुसऱ्या ख्रिस्ती पंथात बाप्तिस्मा झालेली व्यक्ती असेल तर परवानगी लागते, ती घ्यायची राहिली तर नियम मोडतो पण लग्न त्यामुळे अवैध ठरत नाही. दोन्ही पत्रांचे नमुने कॉम्प्युटरवर शेजारी शेजारी असतात आणि दिसायला जवळपास सारखेच. नाव बदललं, तारीख बदलली, प्रिंट काढली असं करू नका, आधी फाइल उघडून समोरच्याचा बाप्तिस्मा झालाय का, कुठे झालाय ते बघा. शंका असेल तर तसं चॅन्सलर फादरांना, म्हणजे ऑफिसच्या दस्तऐवजांच्या प्रमुखांना, सांगा, त्यात कमीपणा काही नाही.

सहीचंही तसंच. ज्या पत्राचा कायदेशीर परिणाम होतो त्यावर बिशपांची किंवा ज्यांना तो अधिकार आहे त्यांची सही तर हवीच, शिवाय चॅन्सलरची किंवा नोटरीची (चर्चचे कागद साक्षांकित करणाऱ्याची) पण हवी, चर्चच्या कायद्याच्या 1983 च्या संहितेतला कॅनन, म्हणजे कलम, 474. नोटरी म्हणून प्रापंचिक, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या, माणसाचीही नेमणूक होऊ शकते, तुमची झाली तर सही करताना वर काय लिहिलंय ते वाचा. सगळं. घाई असली तरी.

आता मुद्द्यावर येते. माणूस कुठेही राहायला जाऊ दे, कुठेही लग्न करू दे, चर्चच्या दृष्टीनं त्याची सगळी नोंद परत एकाच पानावर यायला हवी, ते म्हणजे त्याच्या बाप्तिस्म्याच्या रजिस्टरचं पान. दृढीकरण, लग्न, धर्मगुरूपदाची दीक्षा, मठवासीयांची कायमची व्रतं, दत्तकविधान, सगळं त्या नोंदीच्या शेजारी समासात शेरा म्हणून चढतं आणि दाखला देताना ते शेरे दाखल्यावर आलेच पाहिजेत (कॅनन 535). लग्न दुसऱ्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत) झालं तर तिथल्या फादरांनी बाप्तिस्मा झालेल्या ठिकाणी कळवायचं. लग्न मुळात वैध नव्हतं असा ट्रायब्युनलचा, म्हणजे चर्चच्या न्यायालयाचा, निकाल लागला तर तेही कळवायचं, तो शेरा लग्नाच्या रजिस्टरातही चढायला हवा आणि बाप्तिस्म्याच्याही. हे कळवण्याचं काम बरेचदा आपल्या टेबलावरून होतं, आणि सापळा इथेच आहे.

मला शिकवलं होतं की पत्र गेलं, जावक क्रमांक पडला, की फाइल कपाटात. सगळे तसंच करायचे. मग एक दिवस फोन आला. त्या गृहस्थांच्या पहिल्या लग्नाचा निकाल आमच्या ट्रायब्युनलनं माझ्या आधीच्या काळात दिला होता, आता ते दुसऱ्या धर्मप्रांतात लग्न करणार होते, तिथल्या फादरांनी नियमाप्रमाणे बाप्तिस्म्याचा ताजा दाखला मागवला आणि त्यावर पहिल्या लग्नाचा शेरा ठळक, निकालाचा शेरा नाहीच. चिडले नव्हते ते. हळू आवाजात विचारत होते, "मॅडम, म्हणजे मी अजून लग्न झालेलाच आहे का?"

फाइल काढली तर पत्राची प्रत होती, जावक क्रमांक होता, तारीख होती. पोच नव्हती. झालं असं होतं की त्यांचा बाप्तिस्मा ज्या छोट्या चॅपेलात झाला ते नंतर स्वतंत्र धर्मग्राम झालं, पत्र तिथे गेलं, पण जुनी रजिस्टरं मूळ धर्मग्रामातच राहिली होती. नव्या ठिकाणी कोणीतरी ते पत्र वाचलं, आपल्याकडे असं नाव नाही म्हणून फाइलला लावलं आणि विषय संपला. नाव आमच्याकडून चुकलं नव्हतं, तारीख चुकली नव्हती, ठरल्याप्रमाणे सगळं झालं होतं, तरी एका माणसाला आपल्या मोडलेल्या संसाराची कहाणी एका अनोळखी फादरांसमोर परत पहिल्यापासून सांगावी लागली.

ज्यांना हे वाचून धडकी भरली त्यांना लगेच सांगते, शेरा नव्हता म्हणून निकाल रद्द होत नाही. निकाल निकालच असतो, ट्रायब्युनलकडून त्याची साक्षांकित प्रत पाठवता येते, समासात शेरा नंतरही चढवता येतो. त्यांचंही झालं. म्हणजे अशा वेळी हातपाय गाळायचे नाहीत, प्रत पाठवायची आणि फादरांशी फोनवर स्वतः बोलायचं.

पण परत तसं होऊ नये म्हणून मी जे करते ते असं. फाइल बंद करायची ती पोच आल्यावरच, पत्र गेल्यावर नाही. आणि पोच म्हणजे "पत्र मिळाले" एवढं चालत नाही, त्यात रजिस्टरचं वर्ष, पान आणि नोंदीचा क्रमांक हवा, म्हणजे समोरच्यानं खरंच वही उघडली हे कळतं. त्यासाठी पत्राच्या खाली फाडून परत पाठवायची चिठ्ठी ठेवा, रकाने आखून, म्हणजे समोरच्या सेक्रेटरीला विचार करायला लागत नाही, फक्त भरायचं. पोच न आलेल्यांची एक वेगळी वही ठेवा आणि दर महिन्याला ती उघडा. पत्र पाठवायच्या आधी बघा की ते चर्च त्या साली स्वतंत्र होतं का, नसेल तर वही कुठे आहे. हॉस्पिटलात घाईघाईनं झालेला बाप्तिस्मा असेल तर तो ज्या धर्मग्रामाच्या हद्दीत झाला तिथे नोंद असायला हवी, घरचे मात्र हमखास आपल्या नेहमीच्या चर्चचं नाव सांगतात. नावावर विसंबू नका, एकाच गावात एकाच नावाची चार माणसं निघतात, जन्मतारीख आणि आईवडिलांची नावं जुळवा. आईचं माहेरचं नाव असेल तर फारच उत्तम.

याच कारणानं जुना दाखला चालवून घेऊ नका. लॅमिनेट करून जपलेला, लहानपणी काढलेला दाखला लोक फार प्रेमानं घेऊन येतात, त्यावर एकही शेरा नसतो, आणि नसणारच, तो काढला तेव्हा मूल दोन वर्षांचं होतं. बऱ्याच ठिकाणी सहा महिन्यांच्या आतला दाखला मागतात तो ह्यासाठीच. लोक रागावतात, रागावू देत. व्हॉट्सॲपवर आलेला रजिस्टरचा फोटो तर मी बघायलाही तयार नसते, कारण फोटो काढणारा नोंद नीट दिसावी म्हणून समासच कापतो. आणि एक्सेल शीट ही शोधायला सोपं पडावं म्हणून असते, नोंद म्हणजे वही. ज्या ऑफिसात तरुण मुलं वही न उघडता शीटवरून दाखले देतात तिथे आज ना उद्या घोटाळा होणार हे मी छातीठोकपणे सांगते.

शिकायचं कोणाकडून? माझं मत ठाम आहे. रोमहून कॅनन लॉची पदवी घेऊन आलेले फादर नियम उत्तम सांगतात, त्यांना जरूर विचारा, पण वही कुठल्या कपाटात आहे, कुठल्या धर्मग्रामाची रजिस्टरं पुरात भिजली, कुठल्या फादरांचं अक्षर कसं लावायचं, हे एखाद्या धर्मग्रामात आयुष्य घालवलेल्या सेक्रेटरी बाईंना किंवा निवृत्त कारकुनालाच माहीत असतं. त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसा. नोंद सापडतच नसेल तरी रस्ता असतो, कोणाच्या हिताला बाध येत नसेल तर एका विश्वासार्ह साक्षीदाराच्या जबाबावरही बाप्तिस्मा सिद्ध होतो (कॅनन 876). हे मला अशाच एका बाईंनी सांगितलं, तोपर्यंत मी लोकांना "नोंद नाही" म्हणून परत पाठवायचं कसं याच चिंतेत असायचे.

आपलं नाव रजिस्टरातून काढून टाका असं सांगणारेही येतात. वाद घालू नका, अपमान तर मुळीच करू नका. नोंद पुसता येत नाही, कारण ती घडलेल्या गोष्टीची नोंद आहे, हे व्हॅटिकनच्या विधिविषयक विभागानं 2025 मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय, मात्र त्यांची इच्छा लेखी घेऊन चॅन्सलर फादरांकडे द्या, तशी टीप समासात चढवता येते.

गुप्त अभिलेखागाराबद्दल, म्हणजे गोपनीय कागदांच्या कपाटाबद्दल, कुतूहल नको. त्याची किल्ली फक्त बिशपांकडे असते, आपल्याला तिथे काम नाही. पण लैंगिक अत्याचाराच्या तक्रारीचा फोन मात्र आपल्याच टेबलावर येऊ शकतो, आणि त्या वेळी मी घाबरले होते, तुम्हीही घाबराल. उलटतपासणी करायची नाही, "नक्की का?" विचारायचं नाही, फादरांचं नाव ऐकून आवाज बदलायचा नाही. जे सांगतायत ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, फोन नंबर घ्या, आणि त्याच दिवशी धर्मप्रांतानं तक्रारींसाठी नेमलेल्या व्यक्तीकडे द्या. पोपनी 2019 मध्ये काढलेल्या नियमानं प्रत्येक धर्मप्रांतात अशी व्यवस्था असणं सक्तीचं केलंय. तक्रार पोलिसांत करू नका असं तर कोणालाही, कधीही सांगायचं नाही. बिशपांची तब्येत बरी नाही, सण आहे, सुट्टी आहे, यातलं एकही कारण चालत नाही.

मिस्साच्या (चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या) देणग्यांचा हिशेब, धर्मगुरूंच्या बदल्यांची पत्रं, बाहेरगावी मिस्सा करायला लागणारं सेलेब्रेट ओळखपत्र, हे हाताखालून गेलं की जमतं, त्याचं टेन्शन घेऊ नका. वर्षअखेरीची आकडेवारी तेवढी आधीपासून धरा. 31 डिसेंबरपर्यंतचे बाप्तिस्मे, लग्नं, धर्मगुरूंची संख्या असा तक्ता व्हॅटिकनच्या सांख्यिकी कार्यालयाकडे जातो आणि चार-पाच धर्मग्रामं दरवेळी अडून बसतात. मी नोव्हेंबरातच सगळ्यांना कोरे तक्ते पाठवते, आणि त्याच पाकिटात त्या त्या धर्मग्रामाकडून पोच यायच्या राहिलेल्या शेऱ्यांची यादी घालते. आकडे भरायला वही उघडावीच लागते, तेव्हा शेरेही त्याच बैठकीत चढतात.