एकाच हँडलरमधून जेसनही, पीडीएफही: फास्टएपीआयमध्ये हे कसं बसवायचं

फास्टएपीआय म्हणजे पायथॉनमध्ये वेब एपीआय बनवायची चौकट, आणि हँडलर म्हणजे एका वेब पत्त्यावर आलेल्या विनंतीला उत्तर देणारं फंक्शन. समजा, पावतीचा वेब पत्ता एकच आहे. कुणी ‘अ‍ॅक्सेप्ट’ हेडरमध्ये (विनंतीसोबत येणारी माहिती) पीडीएफ मागितली तर फाइल द्यायची, नाहीतर जेसन (डेटाचं मजकूर-रूप), आणि पावतीच नसेल तर ४०४, म्हणजे ‘सापडलं नाही’.

फंक्शनमधून डिक्शनरी किंवा पायडँटिक मॉडेल (डेटात कोणती फील्डं हवीत ते सांगणारा क्लास) परत केलं की फास्टएपीआय ते तपासतं, त्याचं जेसन करतं आणि पाठवतं. पण फाइलरिस्पॉन्स, जेसनरिस्पॉन्स असा तयार रिस्पॉन्स दिलात, तर तो न तपासता जसाच्या तसा जातो. म्हणून जेसनची वाट साध्या मॉडेलवरच ठेवा. जेसनरिस्पॉन्स हाताने बांधला, तर मॉडेलमधून वगळलेला ग्राहकाचा मोबाइल नंबरही निमूट बाहेर पडतो. आत डेटटाइम (तारीख-वेळ) असेल तर टाइपएररच येते.

आता फंक्शनच्या परतीचा प्रकार (टाइप). ‘पावती किंवा फाइलरिस्पॉन्स’ असं युनियन (दोनपैकी कुठलाही एक टाइप) लिहिलंत की अ‍ॅप सुरूच होत नाही, कारण त्या टाइपवरून पायडँटिकचं फील्ड बनवायचा प्रयत्न होतो आणि रिस्पॉन्स क्लास त्यात बसत नाही. बरेच जण डेकोरेटरमध्ये (फंक्शनच्या वरची ‘@’ची ओळ) ‘रिस्पॉन्स मॉडेल’ला नन (None) देऊन मोकळे होतात. चूक सुटते, पण जेसनची चाळणीही, म्हणजे मॉडेलप्रमाणे तपासणं-गाळणं, जाते. त्यापेक्षा तिथे पावतीचं मॉडेल द्या. फंक्शनवरच्या टाइपपेक्षा ते वरचढ ठरतं, आणि फाइल तशीही त्या चाळणीतून जात नाही.

४०४ साठी एचटीटीपीएक्सेप्शन रेज करायचं, रिटर्न नाही. रिटर्न केलं तर मॉडेलच्या तपासणीत आपटून ५००, म्हणजे सर्व्हरची चूक, येतो.

फाइलच्या वाटेवर खड्डे जास्त. डिस्कवर फाइल नसेल तर फाइलरिस्पॉन्स बनवताना काहीच कळत नाही, पाठवताना बोंब होते. ती आहे का हे आधीच बघा. पीडीएफ तात्पुरती बनवत असाल तर ती फंक्शनच्या ‘फायनली’ ब्लॉकमध्ये पुसू नका. रिटर्ननंतर, पण पाठवणी सुरू व्हायच्या आधीच ती गायब होते. पुसायचं काम बॅकग्राउंडटास्क (उत्तर गेल्यावर चालणारं काम) म्हणून फाइलरिस्पॉन्सलाच जोडा. नुसतं फाइलनेम दिलं की ब्राउझर डाउनलोड करतो. तिथेच उघडून दाखवायची असेल तर कंटेंट डिस्पोझिशनचा प्रकार ‘इनलाइन’ करा.

एकाच पत्त्यावर दोन रूपं म्हटल्यावर ‘व्हेरी: अ‍ॅक्सेप्ट’ हेडर (उत्तर कशानुसार बदलतं ते सांगणारं) हवंच, नाहीतर मधला कॅश (उत्तरं साठवून पुन्हा देणारा) जेसन मागणाऱ्याच्या हातात पीडीएफ ठेवू शकतो. हे हेडर दोनदा लावावं लागतं: जेसनसाठी फंक्शनच्या रिस्पॉन्स पॅरामीटरवर, आणि पीडीएफसाठी फाइलरिस्पॉन्समध्ये वेगळं. पॅरामीटरवरची हेडरं तयार रिस्पॉन्सला लागत नाहीत.

ऑटो डॉक्समध्ये (फास्टएपीआय स्वतः बनवतं ती एपीआयची माहितीपानं) पीडीएफ आपोआप दिसणार नाही. डेकोरेटरच्या ‘रिस्पॉन्सेस’मध्ये २०० खाली ‘अ‍ॅप्लिकेशन/पीडीएफ’ आणि वेगळा ४०४ लिहून टाका.