दोन-फोटॉन सूक्ष्मदर्शीसाठी रंग कसा निवडावा

दोन-फोटॉन सूक्ष्मदर्शीत नमुन्यातला रंग, म्हणजे प्रकाश पडल्यावर स्वतः चमकणारे द्रव्य, एकाऐवजी निम्म्या ऊर्जेचे, म्हणजे दुप्पट तरंगलांबीचे, दोन फोटॉन (प्रकाशकण) एकाच वेळी शोषून उत्तेजित होतो. म्हणून नेहमीच्या प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शीत जो रंग ४९० नॅनोमीटरला उत्तेजित होतो, त्याच्यासाठी लेसर ९८० वर लावावा, असा सोपा हिशेब बहुतेक जण करतात आणि तिथेच फसतात. फ्लुओरेसीन हे असेच एक द्रव्य ९८० ला अगदी मंद चमकते, तर ७८० ते ८०० च्या पट्ट्यात उत्तम प्रकाश देते. दोन फोटॉन एकाच वेळी शोषले जाताना रेणूच्या सममितीचे नियम बदलतात, त्यामुळे शोषणाचा माथा बहुधा दुपटीच्या अलीकडे, कमी तरंगलांबीकडे सरकतो. म्हणून रंग ठरवण्याआधी त्याचा मोजलेला दोन-फोटॉन वर्णपट पाहावा आणि आपला लेसर ज्या तरंगलांबीवर पुरेशी शक्ती देतो, तेथील आकडा वाचावा. रेणू दोन फोटॉन किती सहज शोषतो हे सांगणारा हा आकडा गोप्पर्ट-मायर या एककात दिलेला असतो. दोन फोटॉनांचे शोषण शक्य असल्याचे मारिया गोप्पर्ट-मायर यांनी १९३१ मध्ये सिद्धांताने मांडले होते. त्यावर आधारलेली सूक्ष्मदर्शी मात्र १९९० मध्ये कॉर्नेल विद्यापीठात साकारली.

उंदराच्या मेंदूच्या बाह्यकातील चेतापेशी आणि रक्तवाहिन्या एकत्र पाहायच्या असतील, तर पेशींत हिरवे प्रथिन ईजीएफपी आणि रक्तात टेक्सास रेड हा लाल रंग जोडलेले डेक्स्ट्रान (शर्करेच्या लांब साखळीचा रेणू) ही जोडी मी सुचवीन. ९०० ते ९२० नॅनोमीटरच्या एकाच लेसरने दोन्ही उत्तेजित होतात आणि त्यांचा हिरवा व लाल प्रकाश गाळण्यांनी सहज वेगळा करता येतो. डेक्स्ट्रान सुमारे ७० किलोडाल्टनचे घ्यावे, कारण लहान रेणू रक्तातून लवकर निघून जातात. चेतापेशींना आधार देणाऱ्या ताराकार पेशींसाठी सल्फोऱ्होडामाईन १०१ हा रंग सोयीचा आहे. मात्र त्याचे प्रमाण वाढल्यास चेतापेशींची उत्तेजनशीलता वाढते, तेव्हा पेशींची क्रिया मोजायची असल्यास तो टाळलेला बरा. पेशींच्या केंद्रकांसाठीचे डॅपी किंवा होएश्ट हे रंग ७०० ते ७५० च्या पट्ट्यात चांगले चालतात. पण तिथे पेशीतील एनएडीएच हा नैसर्गिक रेणूही चमकतो, म्हणून रंग न दिलेला नमुना त्याच शक्तीवर आधी पाहून ठेवावा.

निळा प्रकाश टिपणाऱ्या वाहिनीत तंतूंसारखे काही दिसले, तर ते रंगाचेच आहे असे गृहीत धरू नये. ऊतींतले कोलॅजेन हे तंतुमय प्रथिन लेसरच्या नेमक्या अर्ध्या तरंगलांबीचा प्रकाश परत देते. लेसर ९२० वरून ८८० वर आणल्यास तो संकेत ४६० वरून ४४० वर सरकतो, रंगाचा वर्णपट मात्र जागचा हलत नाही.

शेवटी लेसरची शक्ती दुप्पट करून पाहावी; दोन फोटॉन लागत असल्याने प्रकाश शक्तीच्या वर्गाप्रमाणे वाढायला हवा. पार्श्वभूमी वजा केल्यावर प्रकाश चौपट झाला, तर मापन ठीक आहे. तो चौपटीहून बराच कमी भरला, तर रंग संपृक्त होत आहे (आणखी उत्तेजित व्हायला रेणूच उरलेले नाहीत) किंवा विटत आहे; अशा वेळी शक्ती उतरवून प्रत्येक बिंदूवरचा वेळ वाढवावा, कारण विटण्याचा वेग शक्तीसोबत पुष्कळदा प्रकाशापेक्षाही झपाट्याने वाढतो.