गावातल्या अंध माणसाला मोबाईल शिकवायचाय? असं करा

नवीन फोन घ्यायची गरज नाही, घरातला अँड्रॉइड चालतो. सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी, त्यात टॉकबॅक (स्क्रीनवरचं बोलून दाखवणारी सोय) चालू करा, पण त्याआधी वायफायवर मराठी आवाज डाउनलोड करून ठेवा आणि बोलायचा स्पीड कमी करा, नाहीतर पहिल्याच दिवशी माणूस गोंधळतो आणि फोन बाजूला ठेवतो. व्हॉल्यूमची दोन्ही बटणं 3 सेकंद दाबली की टॉकबॅक चालू-बंद होतं, तो शॉर्टकट लावूनच द्या.

मग फोन त्यांच्याच हातात द्या. तुम्ही बोट धरून फिरवू नका प्लीज, हे फार महत्त्वाचंय. उजवीकडे बोट सरकवलं की पुढचं नाव ऐकू येतं, उघडायला दोनदा टॅप, वर-खाली जायला दोन बोटं. पहिले चार दिवस फक्त फोन लावणं नि उचलणं, बाकी काही नाही. पिन टाकताना इयरफोन लावायची सवय मात्र सुरुवातीपासूनच लावा.

नोटा ओळखायला रिझर्व्ह बँकेचं मणी अ‍ॅप टाका, फुकट आहे, नेटशिवाय चालतं. वाचनालयात कॉम्प्युटर असेल तर त्यावर एनव्हीडीए (कॉम्प्युटरची स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) टाका, तेही फुकट, मग गावातल्या सगळ्यांनाच तिथे बसून शिकता येईल.