प्रथमोपचारासाठी छोटे अर्थसाहाय्य मागताना या चुका टाळा

सांगली जिल्ह्यातील एका छोट्या न्यासाच्या छाननी समितीवर मी गेली काही वर्षे काम करतो. न्यास छोटा म्हणजे खरोखरच छोटा आहे. कार्यालय एका विश्वस्तांच्या घराच्या पुढच्या खोलीत भरते, आणि वर्षाकाठी वाटायला हाती येणारी रक्कम एवढीच असते की एखाद्या संस्थेला 15 हजार, एखादीला फार तर 40 हजार रुपये देता यावेत. गावपातळीवरचा प्रथमोपचार आणि त्यात तरुण मुलामुलींचा सहभाग, या दोनच कामांसाठी आम्ही पैसे देतो. अर्ज तरुण मंडळांकडून, वाचनालयांकडून, शाळा-महाविद्यालयांकडून येतात, काही साताऱ्याहूनही येतात. त्यांपैकी बरेच आम्हाला परत पाठवावे लागतात, आणि दरवर्षी परत पाठवण्याची कारणे जवळजवळ तीच असतात, म्हणून ती एकदा सविस्तर लिहून ठेवत आहे.

अर्जाची सुरुवात पेटीपासून करणे

‘आमच्या मंडळास सुसज्ज प्रथमोपचार पेटी मिळावी’ हे पुष्कळ अर्जांचे पहिले वाक्य असते आणि कित्येकदा शेवटचेही तेच असते. पेटी लागतेच, त्याबद्दल वाद नाही. परंतु मागच्या उन्हाळ्यात मिरज तालुक्यातील एका गावी, आम्हीच पूर्वी दिलेली पेटी पाहायला गेलो, तेव्हा ती मंडळाच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात होती, कपाटाला कुलूप होते आणि किल्ली सचिवांकडे होती, जे वर्षभरापूर्वी चाकणला कंपनीत रुजू झाले होते. शेवटी शेजारच्या दुकानदाराने हातोडी आणून कुलूप तोडले. आत चिकटपट्टीचा डिंक सुकून ती साध्या कागदासारखी सुटत होती, जंतुनाशकाची बाटली कलंडून कापसाचा गठ्ठा पिवळा पडला होता, ओआरएसच्या पाकिटांत पावडरीचे खडे झाले होते, आणि झोळीसाठीच्या त्रिकोणी पट्ट्या दुकानातून आल्या तशा प्लास्टिकमध्ये बंद होत्या. चूक मंडळाची होती तितकीच आमचीही होती, कारण पेटीचे पैसे देताना ती कोणाच्या हाताशी राहणार हे आम्ही विचारलेच नव्हते.

आता विचारतो. पेटी ठेवण्याची जागा दिवसाचा बराच वेळ उघडी असणारी हवी: किराणा दुकान, पिठाची गिरणी, दूध संकलन केंद्र. ती सांभाळणाऱ्या दोन व्यक्तींची नावे अर्जात हवीत, आणि त्या दोघी किंवा दोघे पुढचे वर्षभर गावातच राहणारे हवेत. वापरलेल्या वस्तू पुन्हा भरण्यासाठी थोडी रक्कम अंदाजपत्रकात वेगळी दाखवावी. निर्जंतुक गॉझ, क्रेप बँडेज, त्रिकोणी पट्ट्या, हातमोजे, बोथट टोकाची कात्री, चिकटपट्टी, ओआरएस आणि विजेरी एवढ्यावर गावाची पेटी भागते. वेदनाशामक आणि प्रतिजैविक गोळ्यांची यादी जोडू नये. औषध देणे हे डॉक्टरांचे काम आहे, आणि अशी यादी दिसली की प्रशिक्षण कोण देणार आहे याचीच आम्हाला शंका येऊ लागते.

दोनशे जणांचे एक दिवसाचे शिबिर

सप्टेंबरचा दुसरा शनिवार जागतिक प्रथमोपचार दिन म्हणून पाळला जातो, आणि त्या दिवशी मंडप घालून 200 विद्यार्थ्यांना छातीदाबन, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती लयीत दाबणे, शिकवण्याचा प्रस्ताव आमच्याकडे हमखास येतो. त्यावर साधा हिशेब करून पाहावा. सरावाचा पुतळा एक आणि प्रत्येकाला 3 मिनिटे दिली, तर 600 मिनिटे, म्हणजे 10 तास होतात. प्रत्यक्षात पुढच्या रांगेतील दहा-बारा मुले पुतळ्याला हात लावतात आणि बाकीची मोबाईलवर चित्रीकरण करतात. प्रौढ व्यक्तीची छाती मिनिटाला 100 ते 120 वेळा, साधारण 5 ते 6 सेंटिमीटर खोल दाबायची असते. हे वाक्य पाठ करायला क्षण पुरतो, परंतु तेवढा जोर दोन मिनिटे टिकवताना दंड कसे भरून येतात आणि वेग कसा मंदावतो, हे ज्याने दाबून पाहिले त्यालाच कळते.

त्याऐवजी 20-25 जणांची एक तुकडी, लागोपाठ दोन अर्धे दिवस, दोन पुतळे, आणि सहा महिन्यांनी अर्ध्या दिवसाची उजळणी, असा प्रस्ताव आल्यास तो आम्ही सहसा नाकारत नाही. उजळणीचा खर्च पहिल्याच अर्जात मागावा. ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून ठेवलेली उजळणी होत नाही, हा आमचा अनुभव आहे.

तुकडीत कोणाला घ्यायचे, हा प्रश्न मला त्याहून महत्त्वाचा वाटतो, आणि अर्जदार त्याचा सर्वांत कमी विचार करतात. बारावी झालेला मुलगा जूनमध्ये पुण्याला किंवा कोल्हापूरला जातो आणि त्याच्याबरोबर प्रशिक्षणही जाते. म्हणून तुकडी ठरवण्याआधी, सकाळी अकरा वाजता गावात कोण असते, हे कागदावर लिहून पाहावे. नववीतली मुले-मुली असतात, दुकानदार असतो, ट्रॅक्टरचालक असतात, आशाताई असतात, गावात नव्याने सून म्हणून आलेल्या, शिकलेल्या तरुणी असतात. वर्ग रात्री आठला मंडळाच्या खोलीत ठेवायचा आणि नंतर ‘मुलींचा प्रतिसाद मिळाला नाही’ असे अहवालात लिहायचे, हे तर अनेकांनी केले आहे. वेळ आणि जागा बदलली की मुली येतात. अठरा वर्षांखालील प्रत्येकासाठी पालकांची लेखी संमती घ्यावी, आणि छायाचित्रांसाठीची संमती त्याच कागदावर वेगळ्या ओळीत मागावी.

दुसऱ्याचा अर्ज उतरवून काढणे

‘आपला देश विकसनशील असून अपघातांचे प्रमाण चिंताजनक आहे’ अशा परिच्छेदाने सुरू होणारे तीन अर्ज एकाच वर्षी आले होते आणि तिघांतही तीच शुद्धलेखनाची चूक होती. आम्हाला देशाची माहिती नको आहे, तुमच्या शिवाराची हवी आहे. जतसारख्या दुष्काळी तालुक्यातून एकदा महापुरासाठी जीवरक्षक जॅकेटांची मागणी आली, आणि समितीतले सगळे हसले. नंतर फोनवर बोलताना कळले की त्यांच्या परिसरात शेततळ्यात पडण्याचे प्रकार घडले होते, पण ते ‘किरकोळ’ वाटून अर्जात लिहिलेच नव्हते. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्याचा उतार ओला झाला की पाय ठरत नाही, आणि पोहता येणाऱ्यालाही वर येता येत नाही. त्याला गाठी मारलेला दोर, हवा भरलेली ट्यूब आणि काठावरूनच मदत करण्याचे शिक्षण लागते. तो अर्ज त्यांनी पुन्हा लिहिला आणि मंजूर झाला.

आपल्या भागात काय घडते, याचा शोध घ्यायला फार लांब जावे लागत नाही. तासगावकडे द्राक्षबागांत फवारणी करणाऱ्याला विषबाधा होते, आणि तिथे उलटी करवण्याचा प्रयत्न न करता कपडे उतरवून अंग भरपूर पाण्याने धुणे व औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना गाठणे, हे शिकवायला हवे. शिराळ्याच्या भातशेतीत सर्पदंशाची भीती असते. तिथे करकचून दोरी बांधणे, चिरा पाडणे आणि रक्त चोखणे या तिन्ही गोष्टी मोडून काढाव्या लागतात, चावा बसलेला अवयव न हलवता माणसाला लवकर दवाखान्यात न्यावे लागते, आणि प्रतिविष कोणत्या रुग्णालयात मिळते याची आधीच चौकशी करून ठेवावी लागते. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे परावर्तक नसतात आणि रात्री दुचाकी मागून आदळतात. साताऱ्याकडे खंबाटकी घाटाच्या आसपासची गावे महामार्गाचे अपघात पाहतात, तर लोणंद-फलटणच्या मंडळांना आषाढी वारीच्या दिवसांत पायाचे फोड, उष्माघात आणि गर्दीतली चक्कर हाताळावी लागते. भाजल्यावर टूथपेस्ट लावणे आणि फेफरे आलेल्याला चप्पल हुंगवणे मात्र दोन्ही जिल्ह्यांत सारखेच चालते; भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे वाहते साधे पाणी सोडायचे असते, आणि फेफऱ्यात तोंडात काहीही घालायचे नसते.

पुराविषयी जरा वेगळे लिहावे लागेल. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांपलीकडे गेली, जिथे धोक्याची पातळी 45 फूट मानली जाते. त्याच पुरात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली. त्यानंतर नदीकाठच्या मंडळांचे अर्ज वाढले, आणि त्यांतल्या बऱ्याच अर्जांत पोहणाऱ्या मुलांची बचाव पथके बांधण्याची कल्पना होती. त्या मुलांची तळमळ कळते, तरीही अशा अर्जांना आम्ही पैसे देत नाही. वाहत्या पुरात उतरण्याचे काम प्रशिक्षित आणि सामग्री असलेल्या पथकांचे आहे. सतरा वर्षांच्या मुलाला त्यासाठी तयार करणारा कागद आमच्या सहीने मंजूर व्हावा, असे मला वाटत नाही. याच मुलांनी पाणी चढण्याआधी गरोदर स्त्रिया, डायलिसिसवरचे रुग्ण आणि अंथरुणाला खिळलेले वृद्ध यांची घरवार यादी तयार ठेवावी, आणि ओढ्यावरचा पूल बुडाला तर 108 ची रुग्णवाहिका कोणत्या रस्त्याने येईल हे ठरवून ठेवावे. 2014 पासून राज्यात ही सेवा आहे, परंतु ‘शाळेजवळ या’ एवढाच पत्ता सांगितल्याने, तीन शाळा असलेल्या गावात ती फिरत राहिल्याचे मी ऐकले आहे. फोनवर काय सांगायचे याचा सराव करायला एक रुपयाही लागत नाही.

प्रशिक्षणाच्या आराखड्यात कायद्याचा उल्लेखही बहुधा नसतो. रस्त्यावर जखमीला मदत केली तर पोलीस मागे लागतील, ही भीती तरुणांना घरूनच घातलेली असते. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 134अ आले, आणि सद्भावनेने मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, असे त्यात म्हटले आहे. हे पाच मिनिटांत सांगून होते, आणि ते सांगितले नाही तर बाकीचे दोन दिवस वाया जाण्याची शक्यता असते.

पैसा आणि कागद

अंदाजपत्रकात टी-शर्ट, फ्लेक्स, शाल-श्रीफळ आणि ‘इतर खर्च’ यांनी निम्मी रक्कम खाल्ली, की आम्ही पुढे वाचत नाही. उलट प्रशिक्षकाचे मानधन आणि प्रवासखर्च संकोचाने लिहिला जात नाही, आणि मग तो चहापाण्याच्या नावाखाली दाखवला जातो. मानधन सरळ मागावे. पुतळा विकत घेण्याआधी जवळच्या परिचर्या महाविद्यालयाकडून किंवा रेडक्रॉसच्या शाखेकडून तो दोन दिवस मिळतो का, याची चौकशी करून तसे लिहिले तर अर्जाचे वजन वाढते. खरेदी पक्क्या बिलावर करावी आणि पैसे शक्यतो खात्यातूनच द्यावेत. एका व्यक्तीला एका दिवसात 10,000 रुपयांहून अधिक रोख दिल्यास संस्थेला आयकरात अडचण येते.

मंजुरीनंतर रक्कम अडकण्याचे नेहमीचे कारण बँकेत असते. दोन वर्षांहून अधिक काळ व्यवहार न झालेले खाते निष्क्रिय होते, विलीनीकरणानंतर शाखेचा आयएफएससी बदललेला असतो, किंवा सह्यांचे अधिकार अजून जुन्याच अध्यक्षांकडे असतात. विश्वस्त बदलल्यावर 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो. तो राहिला असेल तर अर्जात तसे प्रांजळपणे लिहावे आणि दाखल केल्याची पोच जोडावी. मंडळाची नोंदणीच नसेल, तर त्यासाठी धावपळ करण्यापेक्षा गावातील शाळेला किंवा महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजना विभागाला मुख्य अर्जदार करून आपण सहभागी राहावे. मान कमी होतो असे वाटून काही मंडळे हे टाळतात आणि वर्ष घालवतात.

अहवालाबाबत थोडेच लिहितो. फ्लेक्ससमोर उभ्या पाहुण्यांची तीस छायाचित्रे आम्हाला उपयोगाची नाहीत. शिबिराची तारीख पावसामुळे पुढे गेली, प्रशिक्षक आयत्या वेळी आले नाहीत, 4 हजार रुपये उरले, यांपैकी काहीही घडले तर ते घडले त्याच आठवड्यात कळवावे. उरलेल्या रकमेतून पेटी पुन्हा भरायला आम्ही बहुतेक वेळा परवानगी देतो, मात्र वर्षाअखेरीस जुळवून आणलेली बिले आली तर परवानगी देणे कठीण होते. आजवर आलेल्या अहवालांपैकी माझ्याजवळ एकच जपून ठेवला आहे. वहीच्या रेघी पानावर एका दहावीतल्या मुलीने तो लिहिला होता: दूध डेअरीतल्या पेटीतून वर्षात काय काय गेले, कोणत्या तारखेला, कोणासाठी. विळा लागलेली बोटे, सायकलवरून पडलेला मुलगा, उसाच्या फडात चक्कर आलेली मजूर बाई. खाली वेगळ्या शाईत ‘कात्री हरवली आहे, नवीन घेतली, 60 रुपये, बिल जोडले आहे’ अशी नोंद होती. त्या गावाला आम्ही दुसऱ्या वर्षीचे पैसे अर्ज न मागवता दिले.