वाडीच्या क्रूसाची डागडुजी: सिमेंट बाजूला ठेवा

वाडीतल्या क्रूसाचा, म्हणजे ख्रिस्ती वस्तीत उभारलेल्या क्रॉसचा, गिलावा सुटला की हमखास सल्ला मिळतो: सिमेंट मारा, वरून टाइल लावा. ते करू नका. मुंबई-वसईकडचे पुष्कळ क्रूस १८९६च्या प्लेगच्या काळातले, चुन्यात बांधलेले. सिमेंट आतली ओल कोंडून धरतं. चौथऱ्यातून वर चढलेलं पाणी बाहेर पडत नाही, खार (मीठ) साठतो आणि काही पावसाळ्यांत सिमेंट दगडाचा पापुद्रा घेऊनच निखळतं.

काम काढण्याआधी ज्यांच्या पूर्वजांनी क्रूस उभारला त्या घराला आणि फादरना विचारा. मग क्रूसावर कोरलेला लेख टिपा. ऊन तिरपं असताना फोटो काढा, भरदुपारी अक्षरं सपाट दिसतात. रात्री बॅटरी बाजूने धरली तर आणखी उत्तम. पुसट अक्षरं ऑइलपेंटने गिरवू नका. इंग्रजी 8 चा 3 असाच होतो. आणि साल महत्त्वाचं आहे. सार्वजनिक जागेवर नवी अनधिकृत प्रार्थनास्थळं नकोत, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २९ सप्टेंबर २००९ चा. रस्तारुंदीची नोटीस आली की क्रूस किती जुना, हेच आधी विचारतात. फोटोंसोबत सातबारा आणि जुनी छायाचित्रं एकाच फाइलीत ठेवा.

गिलावा बोटाने वाजवून पाहा. पोकळ वाजेल तेवढाच काढा. मिश्रण एक भाग मुरवलेला चुना, तीन भाग धुतलेली नदीची वाळू. खाडीची वाळू अजिबात नको, तिच्यातलं मीठ पुन्हा तेच दुखणं आणतं. चुना महिनाभर तरी पाण्याखाली मुरू द्या, नाहीतर कच्चे खडे भिंतीवर फुगून फोड येतात. दगड भिजवा, थर १० मिलिमीटरच्या आत ठेवा, पहिला घट्ट झाल्यावरच दुसरा द्या. आठवडाभर वर ओली पोती ठेवा. शेवटी दुधासारख्या पातळ चुन्याचे तीन हात.

मे महिन्यात क्रूसापुढे रोझरी (माळेची प्रार्थना) असते म्हणून लोक एप्रिलमध्ये घाईने काम काढतात. त्या उन्हात चुना नुसता वाळतो, पकत नाही, आणि जूनमध्ये वाहून जातो. डिसेंबर-जानेवारी गाठा.

मेणबत्त्यांसाठी वाळूची पाटी वेगळी ठेवा, मेण मुरलेल्या जागी चुना धरत नाही. दुरुस्तीनंतर फादरकडून आशीर्वाद घ्या. वर्गणीदारांची नावं लावायचीच असतील तर वेगळ्या फरशीवर, चौथऱ्याच्या मागच्या बाजूला. जुन्या लेखावर नाही.