प्रेझेंटेशनमधला मुद्दा पक्का कसा करावा

विद्यार्थ्यांच्या बऱ्याच प्रेझेंटेशनमध्ये माहिती खच्चून भरलेली असते, पण नेमकं म्हणणं काय ते शेवटपर्यंत कळत नाही. म्हणून स्लाइडला हात लावण्याआधी कागदावर एकच वाक्य लिहा. ऐकून कुणाला तरी ‘मला नाही पटत’ म्हणावंसं वाटेल, असं ते हवं. ‘किशोरवयीन मुलांची झोप’ हा नुसता विषय झाला. ‘हायस्कूल सकाळी साडेआठच्या आधी भरू नये’ हा दावा.

मग पुरावे गोळा करा. दोन-तीन पुरेत, पण मुळापर्यंत जा. बातमी वाचली असेल तर ती ज्या अहवालावर बेतली आहे तो उघडा, आणि तो कुणाचा, कधीचा, हे टिपून ठेवा. आपल्या दाव्यापुरतं बोलायचं तर अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये साडेआठच्या आधी शाळा न भरवण्याची शिफारस केली. तिथल्याच निद्रातज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ मध्ये १३ ते १८ वयोगटाला ८ ते १० तास झोप लागते असं सांगितलं.

बहुतेक जण इथेच थांबतात आणि प्रश्नोत्तरांत अडकतात. कारण ८ ते १० तास झोप हवी, एवढ्यावरून शाळा उशिरा भरावी हे सिद्ध होत नाही. कुणीतरी म्हणणारच, ‘मग लवकर झोपा की!’ पुरावा आणि दावा यांना जोडणारा दुवा राहून गेलाय. तो असा: वयात येताना शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, झोपेचा इशारा देणारं मेलाटोनिन रात्री उशिरा वाढू लागतं, त्यामुळे लवकर आडवं झालं तरी डोळा लागत नाही. स्टीफन टूलमिन या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९५८ मध्ये युक्तिवादाची फोड करताना हा दुवा वेगळा काढून दाखवला होता. प्रत्येक स्लाइडपाशी स्वतःला विचारा, ‘बरं, मग?’ एका वाक्यात उत्तर देता आलं नाही तर ती स्लाइड काढून टाका. आलेख कितीही देखणा असो.

विरोधी बाजू तुम्हीच मांडा, आणि तिचा सगळ्यात जड मुद्दा निवडा. पोकळ आक्षेप उभा करून तो पाडला की ऐकणाऱ्याला लबाडी लगेच कळते. इथे बसचं वेळापत्रक आणि पालकांच्या कामाच्या वेळा या खऱ्या अडचणी आहेत. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये हायस्कूलसाठी साडेआठचा कायदा केला, तो २०२२ पासून लागू झाला. पण ग्रामीण भागातल्या शाळांना त्यातून सूट आहे. तेव्हा आपणही दाव्याला ‘शक्य तिथे’ची मुरड घालावी. त्याने मुद्दा लंगडा होत नाही, उलट हल्ला करायला जागा कमी उरते.

स्लाइडवर आकड्याशेजारीच स्रोत आणि वर्ष द्या. तालीम मात्र मान डोलावणाऱ्या मित्रापुढे नको. चुका काढणारा कुणीतरी गाठा, मध्येच अडवायची मुभा द्या आणि ज्या प्रश्नाला तुम्ही अडखळलात तिथला दुवा त्याच दिवशी पुन्हा लिहून काढा.