पिंजऱ्यातल्या गेस्टचा एनएमआर: या चुका टाळा

"गेस्ट टाकला, शिफ्ट हलली, म्हणजे गेस्ट आत गेला." (गेस्ट म्हणजे पिंजऱ्यासारख्या मोठ्या मॉलिक्युलच्या, म्हणजे होस्टच्या, पोकळीत बसणारा छोटा मॉलिक्युल; शिफ्ट म्हणजे चुंबकीय क्षेत्रात घेतलेल्या एनएमआर स्पेक्ट्रमवर सिग्नलची जागा.) हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता कुणी ते बोलायला लागलं की मी आधी विचारते, ट्यूबमध्ये अजून काय काय आहे? आधी उत्तर येतं होस्ट, गेस्ट, सॉल्व्हंट, बस. मग खोदून विचारलं की एकेक बाहेर पडतं, रेफरन्स (शिफ्टच्या पट्टीचा शून्य ठरवणारा पदार्थ) टाकलाय, बफर आहे, शुद्धीकरणाच्या कॉलममधलं इथाइल अ‍ॅसिटेट थोडं राहिलंय. आता पिंजऱ्याला काय माहीत तुमचा गेस्ट कोण आणि उपरा कोण! जो नीट बसतो तो आत जातो.

रेफरन्सच आत जाऊन बसतो

ही माझ्या डोक्यात बसलेली चूक आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगते. आमच्याकडे एका ज्युनिअरने बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिनवर टायट्रेशन केलं होतं, म्हणजे गेस्ट थोडा थोडा वाढवत दर वेळी स्पेक्ट्रम घेतला होता (सायक्लोडेक्स्ट्रिन खरं तर दोन्हीकडून उघडी बादली आहे, पूर्ण पिंजरा नाही, पण नियम तेच). डीटूओमध्ये (जड पाण्यात), रेफरन्स डीएसएस (पाण्यात विरघळणारा सिलिकॉनवाला रेफरन्स), 12 पॉइंट, फिट इतका सुंदर की पोस्टरसुद्धा तयार झालं होतं. मला दाखवायला आणलं तेव्हा मी कर्व्ह बाजूला ठेवला आणि सगळे स्पेक्ट्रम एकाखाली एक लावायला सांगितले.

सायक्लोडेक्स्ट्रिनचे एच-3 आणि एच-5 हे हायड्रोजन पोकळीच्या आत तोंड करून असतात, एच-2 आणि एच-4 बाहेर. बेंझिन रिंगवाला गेस्ट आत गेला तर आतले दोघे अपफील्ड, म्हणजे कमी पीपीएमकडे (पीपीएम हे शिफ्टचं माप), सरकतात आणि बाहेरचे जवळपास जागेवरच राहतात. इथे मात्र सगळेच सरकत होते, एच-1 सुद्धा, आणि त्यांच्यासोबत पाण्याचा एचओडी सिग्नलही, त्याच दिशेला. "ताई, टेंपरेचर बदललं असेल ना?" ज्युनिअरने विचारलं. मी म्हटलं, टेंपरेचरने एचओडी सरकतो हे खरंय, एका डिग्रीला साधारण 0.01 पीपीएम, पण मग त्याच्याबरोबर एच-1 का निघाला?

झालं असं होतं की डीएसएसचा ट्रायमिथाइलसिलिल भाग त्या पोकळीत छान बसतो. म्हणजे पहिल्या पॉइंटलाच पोकळीत पाहुणा होता, फक्त तो आमचा नव्हता. गेस्ट वाढवत गेलो तसा डीएसएस बाहेर पडत गेला, त्याची स्वतःची शिफ्ट बदलली, आणि सॉफ्टवेअर दर वेळी त्यालाच शून्यावर बसवत होतं, त्यामुळे पट्टीच सरकत गेली. खात्रीसाठी गेस्ट न टाकता नुसत्या होस्टमध्ये डीएसएस थोडं थोडं टाकून पाहिलं, आणि एच-3 हलला. तीन आठवड्यांचं काम परत केलं. नवा बाइंडिंग स्थिरांक (गेस्ट किती घट्ट बसतो याचा आकडा) जवळपास दुप्पट आला, कारण आधीच्या प्रयोगात गेस्टला आत शिरायला डीएसएसशी स्पर्धा करावी लागत होती.

माझी सवय आता ठरलेली आहे, रेफरन्स बंद कॅपिलरीत भरून ट्यूबमध्ये सोडायचा. कॅपिलरी नसेल तर मिथेनॉलचा अंश टाकून 3.34 पीपीएम धरायचं. आणि जे सिग्नल हलायला नकोत ते हलत नाहीत ना, हे आधी बघायचं.

सॉल्व्हंटचंही तेच. क्लोरोफॉर्म स्वस्त आणि हाताशी असतो म्हणून सगळं त्यातच करायचं, हा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. क्रिप्टोफेन-ए या पिंजऱ्याच्या पोकळीत क्लोरोफॉर्म स्वतःच जातो, म्हणून त्यात झेनॉन बघायचा असेल तर टेट्राक्लोरोइथेनसारखा आत न मावणारा सॉल्व्हंट घेतात. हायड्रोजन बॉंडवर जुळणाऱ्या कॅप्सूलसाठी ड्यूटेरेटेड (हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियमवालं) मेसिटिलिन वापरतात तेही याच कारणाने. कुकरबिटयुरिल हा होस्ट असेल तर सोडियमवाला बफर जपून, सोडियम आयन तोंडावरच्या कार्बोनिलना जाऊन चिकटतो.

सिग्नल गेला म्हणजे गेस्ट गेला असं नाही

दुसरी चूक एक्सचेंजची, म्हणजे गेस्टच्या आत-बाहेर ये-जा करण्याची, आणि ही बहुतेक घाईतून होते. ऑटोमेशनला ट्यूब लावायची, 16 स्कॅन, एकच टेंपरेचर, आणि मग "गेस्टचा मिथाइल दिसत नाही, मॉलिक्युल डिकंपोज झाला" असं सांगत यायचं.

आकडे मांडून बघा. समजा मिथाइल मोकळा असताना 1.2 पीपीएमला आहे आणि पिंजऱ्यात -0.8 ला. फरक 2 पीपीएम, म्हणजे 400 मेगाहर्ट्झवर 800 हर्ट्झ. दोन्ही सिग्नल मिसळून एक व्हायला, निम्मा गेस्ट आत निम्मा बाहेर असताना, ये-जा करण्याचा वेग साधारण 2.22 गुणिले 800, म्हणजे सेकंदाला जवळपास 1800 लागतो. आता खरा वेग सेकंदाला 1000 आहे असं धरा. तुम्ही ना इकडे ना तिकडे, प्रत्येक सिग्नल तीनशे हर्ट्झहून जास्त रुंद होऊन बेसलाइनमध्ये विरघळलेला. पण त्याच गेस्टच्या दुसऱ्या टोकाच्या प्रोटॉनला फरक फक्त 0.1 पीपीएम, 40 हर्ट्झ, त्याला मिसळायला 90 पुरतात, म्हणून तो मधोमध एकच बऱ्यापैकी बारीक सिग्नल दाखवतो! एकाच मॉलिक्युलचं एक टोक गायब आणि दुसरं ठणठणीत, हे बघून लोक घाबरतात आणि नवीन बॅच बनवायला घेतात.

असं दिसलं की मी आधी ट्यूब थंड करते, 298 वरून 10-10 केल्विनने खाली, प्रत्येक पायरीला 15 मिनिटं थांबून (डीटूओ 4 डिग्रीच्या खाली गोठतं, तिथे उलट गरम करून सरासरी सिग्नल मिळवायचा). दुसऱ्या चुंबकीय फील्डच्या मशीनवर वेळ मिळाला तर उत्तमच. स्लो एक्सचेंज मिळालं, म्हणजे मोकळा आणि आतला सिग्नल वेगळे दिसले, की एक्सी (ये-जा दाखवणारा द्विमितीय स्पेक्ट्रम) घ्या, मोकळा आणि आतला सिग्नल यांच्यातला क्रॉसपीक (दोन सिग्नल जोडणारा ठिपका) डायगोनलवरच्या, म्हणजे कर्णावरच्या, पीकच्याच चिन्हाचा आला की दोघे एकच गेस्ट आहेत हे पक्कं.

बाकीच्या पटापट सांगते.

स्पेक्ट्रम 0 ला कापू नका. आत बेंझिन रिंगांची भिंत असली की सिग्नल शून्याच्या खाली जातो. सी-60 (कार्बनचा फुटबॉलसारखा पिंजरा) मधला हायड्रोजन -1.4 च्या आसपास येतो, पाणी -4.8 ला, आणि बऱ्याच मशीनची नेहमीची विंडो (मोजायची रेंज) -4 लाच संपते. आजकालचा डिजिटल फिल्टर बाहेरचा सिग्नल दुमडून आतही आणत नाही, सरळ खाऊन टाकतो.

होस्ट 1 मिलिमोलर आणि बाइंडिंग स्थिरांक 10 चा 7 वा घात (प्रति मोलर) असेल तर कर्व्ह म्हणजे दोन सरळ रेषा असतात. सॉफ्टवेअर तरीही आकडा देतं, तो लिहू नका. ज्याचं बाइंडिंग माहीत आहे असा स्पर्धक गेस्ट टाकून मोजा.

जॉब प्लॉटवर (होस्ट-गेस्टचं गुणोत्तर बदलत काढलेल्या आलेखावर) स्टॉइकिओमेट्री, म्हणजे किती होस्टला किती गेस्ट, ठरवणं सोडा. 2016 मध्ये हिबर्ट आणि थॉर्डरसन या रसायनशास्त्रज्ञांनी यावर नीट लिहिलंय, 1:1 सोडून काही असलं की तो सहज फसवतो.

नोझीत (जवळजवळचे प्रोटॉन दाखवणाऱ्या प्रयोगात) क्रॉसपीक नाही म्हणून गेस्ट बाहेर आहे असं म्हणू नका. हजार-दोन हजार वजनाच्या पिंजऱ्यांना एनओई (नोझी ज्यावर चालतो तो परिणाम) शून्याजवळ येऊ शकतो. मी सरळ रोझी घेते, त्याचाच शून्य न होणारा प्रकार.

डोझीत (मॉलिक्युल किती वेगाने पसरतात ते मोजणाऱ्या प्रयोगात) फास्ट एक्सचेंज असेल तर गेस्टचा आकडा सरासरी असतो, आणि क्लोरोफॉर्मसारख्या पातळ सॉल्व्हंटमध्ये कन्व्हेक्शन (ट्यूबमधले उष्णतेचे प्रवाह) सगळ्यांनाच वेगवान दाखवतं. 3 मिमी ट्यूब वापरा.

इंटिग्रेशनवरून भरलेले पिंजरे मोजणार असाल तर रिलॅक्सेशन डिले (दोन स्कॅनमधला थांबा) सगळ्यात मोठ्या टी-1 च्या (सिग्नल पूर्ववत व्हायच्या वेळेच्या) 5 पट ठेवा. आतल्या आणि बाहेरच्या गेस्टचा टी-1 वेगळा असतो, 1 सेकंदात भागत नाही.

आणि मिसळल्यावर पाच मिनिटांत घेतलेल्या स्पेक्ट्रमवर "बाइंडिंग नाही" लिहू नका. अरुंद दाराच्या पिंजऱ्यात शिरायला गेस्टला तास लागतात, कधी दिवस, कधी तापवल्याशिवाय जातच नाही. मी ट्यूबवर मिसळल्याची वेळ लिहिते, 10 मिनिटांनी एक, 2 तासांनी एक आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला एक स्पेक्ट्रम घेते, आणि शेवटचे दोन एकमेकांवर तंतोतंत बसले तरच वहीत आकडा उतरतो.